सदतीस नंबरचं गाणं

टक.

स्पीकरमधून तो आवाज आला आणि माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट आपोआप वाकलं. कोणाचं लक्ष नव्हतं. भाविकाबेन चष्मा कपाळावर चढवून मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होत्या, पंढरीनाथकाका रजिस्टरमध्ये 'गाणे क्र. ३७' असं लिहून त्याच्याखाली पट्टीनं रेघ मारत होते, हिना मॅडम चहात पडलेली मुंगी चमच्यानं बाहेर काढत होत्या. बोट का वाकलं ते बोटाला माहीत होतं, मला कळायला अजून थोडा वेळ लागला. डावीकडून तिसरं बटण. दाबलं की खाली जातं, पण वर येताना अडकतं, आणि सुटताना टक करतं. अख्ख्या जगात हा आवाज काढणारी वस्तू एकच होती, आणि ती माझ्या घरच्या माळ्यावर, जुन्या मासेमारीच्या जाळ्यात गुंडाळून, कूलरच्या रिकाम्या खोक्यामागे ठेवलेली होती. निदान माझी तशी समजूत होती. मी समोर बघितलं. समोर माझी मुलगी संचिता बसली होती, वय पंधरा, यंदा दहावी, समितीची अधिकृत तज्ज्ञ. ती भिंतीवरच्या 'आग लागल्यास काय करावे' या बोर्डाकडे इतकं मन लावून बघत होती की मला वाटलं, आता ही उठून वाळूची बादली शोधणार.

समिती कसली, ते सांगतो. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीत बी विंगच्या स्वरूपला चाचणीत गणितात चाळीसपैकी सात मिळाले. त्याच्या आईनं त्याचा मोबाईल काढून घेतला, इयरफोन स्वतःच्या कानाला लावले आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीत बसली. कोणीतरी मुलगा तिच्या कानात, यमक जुळवून, अशा काही गोष्टी सांगत होता की तिनं त्या माहेरीसुद्धा ऐकल्या नव्हत्या. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर एकशे बारा मेसेज. रॅप ऐकवलं तर तुळस सुकते असं एकानं टाकलं. दुसऱ्यानं लिहिलं की आमची तर भजनं ऐकूनपण सुकली, तेव्हा त्याला ग्रुपमधून काढलं. पुढच्या रविवारी सभा झाली आणि ठराव पास झाला: 'किशोरवयीन मुलांवर होणाऱ्या गाण्यांच्या दुष्परिणामांची चौकशी समिती'. समितीनं पन्नास गाणी ऐकायची, आक्षेपार्ह कुठली ते ठरवायचं, यादी नोटीस बोर्डावर लावायची. आणि पार्किंगमागच्या मीटर रूममध्ये संध्याकाळी पोरं जमून जे काय रेकॉर्डिंग करतात, त्या खोलीला कुलूप लावायचं की नाही तेही सांगायचं. चेअरमन म्हणून भाविकाबेन, शिक्षणतज्ज्ञ म्हणून ट्यूशन घेणाऱ्या हिना मॅडम, ज्येष्ठ नागरिक म्हणून पंढरीनाथकाका, आणि सेक्रेटरी म्हणून मी, काशीनाथ. पहिल्याच बैठकीत लक्षात आलं की मुलं ऐकतात काय, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. म्हणजे एक मूल पाहिजे. भाविकाबेन म्हणाल्या, काशीनाथभाईची बेबी आहे ना, शांत आहे, नव्वद टक्केवाली आहे, तिलाच बसवू. तशी गाण्यांची यादी बनवायचं काम आम्ही तिच्याकडेच दिलं. त्यात काही धोका असेल असं चौघांपैकी एकालाही वाटलं नाही. अनुभवी माणसं म्हणतात ती हीच.

तीन रविवार, सकाळी अकरा ते एक, सोसायटी ऑफिसचं दार बंद करून आम्ही बसलो. स्पीकर भाविकाबेनचा, नवरात्रात आरतीला लावतात तो, त्यावर अजून कुंकवाचं बोट होतं. गाणं वाजायचं, संपायचं, मग संचिता अर्थ सांगायची. काय सांगायची ती पोरगी. आवाज न चढवता, डोळे खाली घालून, एखादी नर्स रिपोर्ट वाचून दाखवते तशी. ही शिवी आहे काका, पण इथं तो स्वतःलाच देतोय. इथं तो म्हणतोय की त्याच्या आईनं डबे पोचवून त्याला वाढवलं. इथं शिवी नाहीये, ते त्याच्या एरियाचं नाव आहे. पंढरीनाथकाका प्रत्येक गाण्यानंतर एकच प्रश्न विचारायचे, हा श्वास कधी घेतो? त्यांना खरी काळजी फुप्फुसांची होती. बारा नंबरला एक बाई फार गोड आवाजात म्हणाली की तुमच्या कोपऱ्याकोपऱ्यात लपलेली घाण आम्हाला दिसते, आणि काकांनी 'आक्षेपार्ह, व्यक्तिगत टीका' असा शेरा मारला. ती संडास साफ करायच्या औषधाची जाहिरात होती, हे संचितानं सांगेपर्यंत आम्ही तेरा नंबरवर गेलो होतो, आणि काका रजिस्टरमध्ये खाडाखोड करत नाहीत. ती जाहिरात अजून आमच्या यादीत आहे. दुसऱ्या रविवारनंतर वेगळाच प्रॉब्लेम सुरू झाला. सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये भाविकाबेन देवाला फुलं घेऊन उभ्या होत्या आणि ओठातल्या ओठात नऊ नंबर गुणगुणत होत्या. नऊ नंबर आम्ही एकमतानं आक्षेपार्ह ठरवलेलं. मी काही बोललो नाही, कारण माझा पाय त्याच ठेक्यावर हलत होता. हिना मॅडमनी मुलांना पाढे शिकवायला चौदा नंबरची चाल घेतली आणि सतराचा पाढा एका दिवसात पाठ झाला, हे त्यांनी मला पायऱ्यांवर हळू आवाजात सांगितलं, कोणाला सांगू नका म्हणून. गाण्यांनी बिघडण्याची चौकशी करताना चार पोक्त माणसं रोज थोडी थोडी बिघडत होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांचीच तब्येत सुधारलेली दिसत होती.

पण माझं या समितीत असणं सेक्रेटरी म्हणून नव्हतंच. मी पुरावा होतो. ही गोष्ट सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, सासरच्यांना माहीत आहे, ऑफिसात माहीत आहे: काशीनाथ लहानपणी बँजोच्या नादानं बिघडला, दहावीला गणितात नापास झाला, मग बँजो सोडला आणि सुधारला. बँजो म्हणजे आमचा, हळदीला आणि गणपतीत वाजतो तो. फळीवर तारा ताणलेल्या, त्याच्यावर टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. निशिगंधा, माझी बायको, दादरची. लग्न ठरताना तिच्या काकांनी विचारलं होतं, मुलाला काही व्यसन? तर माझ्या बापानं अभिमानानं सांगितलं, एक हुतं, सुटलं. सभेच्या दिवशीही भाविकाबेन माझ्याकडे हात करून म्हणाल्या, दूर कशाला जायचं, आपल्या काशीनाथभाईला बघा ना. आणि अख्ख्या पार्किंगनं मला बघितलं. मी नेहमीप्रमाणे खाली बघून थोडं हसलो. छत्तीस वर्षांच्या सरावानं ते हसू मला चांगलं जमतं. त्यात थोडी लाज असते, थोडा अनुभव असतो, आणि एक बारीकसा रुबाबपण असतो, की बघा, आम्ही काय काय करून बसलोय.

जुन्या भाईंदरात, खाडीच्या बाजूला, आमचं घर. जानूदादाची बँजो पार्टी तिथली. जानूदादा नात्यानं माझा चुलत चुलतभाऊ, वयानं काका, आणि माझ्या डोळ्यांत तेव्हा तो कोण होता ते सांगता येणार नाही. काळा, बुटका, एका डोळ्यानं किंचित तिरळा, आणि बँजो मांडीवर घेतला की असा बसायचा जसं काही सगळ्या मांडवाचा भार त्याच्याच मांडीवर आहे. त्यानं मला चौदाव्या वर्षी हा जुना बँजो दिला, तिसरं बटण अडकणारा. म्हणाला, अडकनारं बटन तुला येळ शिकवल. आणि शिकवलं. ते बटण दाबायचं तर अर्धा क्षण आधी दाबावं लागायचं, म्हणजे गाण्यात पुढं काय येणार ते आधीच माहीत असावं लागायचं. तारा छेडायला साबणदाणीचं झाकण कापून केलेला तुकडा. बोटांना घट्टे पडले होते, त्यांना हळदीचा, सुकटीचा आणि तारांच्या गंजाचा मिळून एक वास यायचा, आणि वर्गात बाई फळ्यावर लिहीत असताना मी तो वास घेत बसायचो. हळदीच्या मांडवात बायका नाचायला उभ्या राहिल्या की पहिल्यांदा त्यांच्या पायांना कळायचं गाणं कुठलं आहे, मग चेहऱ्यांना. म्हाताऱ्या बायका, ज्यांना उठताना हात द्यावा लागतो, त्या माझ्या बोटांवर उभ्या राहायच्या. पंधरा वर्षांच्या पोराला असं काही मिळालं तर त्याचं नुकसान होतं का, असं मला समितीनं विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? पण समितीनं मला काही विचारलंच नव्हतं. पुराव्याला कोण प्रश्न विचारतं.

खरं काय झालं ते मी कधीच कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, बापाला त्याच्या शेवटच्या दिवसातसुद्धा नाही. त्या वर्षी मी अभ्यास केला होता. जानूदादानंच डिसेंबरपासून मला बसवणं बंद केलं होतं, परीक्षा झाल्यावर ये म्हणाला होता. मी झक्क अभ्यास केला. फक्त शाळेच्या फळ्यावरून वेळापत्रक उतरवून घेताना दोन ओळींची अदलाबदल केली. पेपरच्या दिवशी कंपासपेटी पुसून, पेन्सिलीला टोक काढून, भूमितीची सगळी प्रमेयं घोकून मी वर्गात बसलो, आणि पेपर आला बीजगणिताचा. आजूबाजूला सगळी पोरं खाली मान घालून लिहितायत आणि मी बाकावर कंपास, कोनमापक, दोन्ही गुण्ये मांडून बसलोय, एखाद्या न्हाव्यानं दुकान मांडावं तसा. पर्यवेक्षक दोनदा येऊन बघून गेले. शेवटी मी उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर एक वर्तुळ काढलं. फार सुंदर आलं होतं. त्या धक्क्यानं दुसरा पेपरही गेला. निकालाच्या दिवशी बापानं ओटीवर उभं करून विचारलं, काय झालं रे, कशान गेलास? आणि मला सांगता येईना. वेळापत्रक चुकीचं उतरवलं, हे कसलं उत्तर? त्यात काही दम नाही. माणूस एवढा मूर्ख असू शकतो हे सोळाव्या वर्षी कबूल करवत नाही. माझ्या तोंडून निघालं, बँजोचा नाद लागला. आणि बघतो तर बापाचा चेहरा नरम झाला. नाद लागलेला पोरगा ही त्याला समजणारी गोष्ट होती. दर्यावर जाणारा माणूस, नाद म्हणजे काय त्याला माहीत. संध्याकाळपर्यंत बंदरावर सगळीकडे झालं, आत्मारामच्या पोराला बँजोनं खाल्लं. बापानं बँजो तोडला नाही. फाटक्या जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळला, आढ्याला टांगला आणि म्हणाला, तोडायचा न्हाय, वाजवायचा न्हाय. बाप गेल्यावर तो तसाच गुंडाळलेला माझ्या माळ्यावर आला. मूर्ख म्हणून जगण्यापेक्षा बिघडलेला म्हणून जगणं किती सोपं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बिघडलेल्याला सुधारता येतं. मूर्खाचं काय करणार?

आता मी एका सिक्युरिटी एजन्सीत वॉचमन लोकांचे ड्युटी चार्ट बनवतो. कुठला माणूस कुठल्या गेटवर, कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीला. बावीस वर्षांत एक ओळ चुकलेली नाही. प्रत्येक चार्ट मी तीनदा वाचतो. लोकांना वाटतं शिस्त आहे.

एवढं सगळं त्या एका टकमध्ये होतं, आणि गाणं आता कुठं सुरू होत होतं. खाली ठेका होता, आणि तोसुद्धा मला ओळखीचा. आमची लिफ्ट दार उघडं राहिलं की एका बाईच्या आवाजात दरवाजा बंद करा म्हणून ओरडते, ते ओरडणं कापून, तोडून, उलटं करून संचितानं ठेका केला होता. त्यावर पंपाची घरघर. त्यावर माझा बँजो, एकच ओळ परत परत, आणि दर ओळीला नेमक्या जागी, अर्धा क्षण आधी दाबलेलं तिसरं बटण. कोणी शिकवलं हिला हे? कोणी नाही. बटणानं शिकवलं. मला आधी रागच यायला हवा होता, माळ्यावर चढली, स्टुलावर स्टूल ठेवलं असणार, पण मला राग येत नव्हता, माझ्या पोटात काहीतरी हळदीच्या मांडवासारखं गरम होत होतं. मग आवाज आला. बारीक केलेला, मशीनमधून काढलेला, पण बापाला आवाज ओळखायला मशीन आडवं येत नाही.

'सगळे म्हणतात बँजोनं बिघडवला माझा बाप,
बिघडलेला बाप रिक्षाच्या लायनीत उभा राहतो चुपचाप,
ओला कचरा वेगळा ठेवतो, सुका कचरा वेगळा,
लिफ्टचं दार परत येऊन बघणारा हा एकटाच आगळा,
याला बिघडणं म्हणत असाल तर मला पण बिघडायचंय,
टक. बाबा, इथून पुढचं तुम्हीच वाजवायचंय.'

आणि पुढं आठ मात्रा नुसता ठेका. मोकळा. माझ्यासाठी सोडलेली जागा.

गाणं संपलं तरी कोणी पेन उचललं नाही. भाविकाबेनचा चष्मा कपाळावरून आपोआप खाली नाकावर आला. हिना मॅडम डोळे पुसत होत्या की हसत होत्या कळेना. पंढरीनाथकाकांनी हळूच संचिताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच श्वासाचं काही विचारलं नाही. यादी तिनं बनवली होती. सदतीस नंबर तिनं स्वतः घातला होता. तीन रविवार ती शांतपणे दुसऱ्यांची गाणी समजावत इथं बसली होती, ती या एका गाण्याची वाट बघत. आमच्या समोर, आमच्याच स्पीकरवर. एवढी हिंमत माझ्या सात पिढ्यांत, वादळात होडी घालणारे धरूनसुद्धा, कोणात असेल असं मला वाटत नाही.

शेवटी भाविकाबेन बोलल्या. आवाजात प्रेम होतं, ते वाईट. म्हणाल्या, बेटा, गाना तो एकदम मस्त छे, पण आपण रिपोर्टमध्ये तुझ्या पप्पाचंच उदाहरण लिहिलंय. आणि त्यांनी कागद पुढं केला. कागद मीच टाइप केला होता. 'सभासद श्री. काशीनाथ यांचे बँजोवादनामुळे दहावीत झालेले शैक्षणिक नुकसान लक्षात घेता मीटर रूमला कुलूप लावण्यात यावे.' मीच. शुद्धलेखन तपासून. त्या म्हणाल्या, तू दहावीला आहेस, पप्पाचं झालं तसं तुझं झालं तर? मम्मीला काय सांगू आम्ही? संचिता पहिल्यांदा बोर्डावरून नजर काढून माझ्याकडे बघत होती. बघण्यात काही मागणं नव्हतं. त्या आठ मात्रा अजून चालू असाव्यात तसं होतं ते. कोणीतरी आत शिरावं म्हणून सोडलेली जागा.

मी म्हणालो, "बँजोचा काही संबंध नव्हता."

माझा आवाज एवढा बारीक आला की काका म्हणाले, जरा मोठ्यानं. मग मी मोठ्यानं सांगितलं. फळ्यावरच्या दोन ओळी, कंपासपेटी, दोन गुण्ये, वर्तुळ. सगळं. सांगायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. छत्तीस वर्षं सांभाळलेली गोष्ट एवढीशी असते. हिना मॅडमनी तोंडाला ओढणी लावली, खांदे हलत होते. भाविकाबेन म्हणाल्या, हाय हाय, सर्कल काढलं? मी म्हणालो, हो. चांगलं आलं होतं? मी म्हणालो, फार. पंढरीनाथकाका मात्र खरोखर हवालदिल झाले. तोच निष्कर्ष त्यांनी रजिस्टरमध्ये पेनानं उतरवून ठेवला होता.

"मग नुकसान कशामुळं झालं लिहू?" ते म्हणाले.

"वेळापत्रकामुळं," मी म्हणालो.

त्यांनी तसं लिहिलं. मीटर रूमच्या कुलपाचं कोणी नावच काढलं नाही. कुलपाखालचा पुरावाच सरकला होता. उलट हिना मॅडम म्हणाल्या की स्वरूपला गाण्यामुळं सात मिळाले की आणखी कशामुळं, हे त्याला कोणी विचारलंय का. नव्हतं विचारलं. भाविकाबेनही म्हणाल्या, सच्ची वात छे. एवढ्या मोठ्या चौकशीत ते राहूनच गेलं होतं. मला वाटलं, संचिता आता माझ्याकडे बघून हसेल. मी त्या हसण्याची वाटही बघत होतो, छातीत थोडी जागा करून. तर ही पोरगी रडायच्या बेतात. ओठ आवळलेले, नाक लाल.

"बाबा, माझं गाणंच खोटं झालं," ती म्हणाली. "पहिली ओळच गेली ना."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी तिला सोडवत होतो, आणि तिला पडली होती ओळीची. जिन्यानं वर येताना, लिफ्टमध्ये दोघांनाही जावंसं वाटेना, ती मला ऐकवत होती की चार महिने तिनं त्या ओळीवर काम केलंय, की तिला वाटलं होतं तिच्या बापाला एकदा तरी कशाचा तरी नाद लागला होता, की ती मैत्रिणींना ते सांगायची. तिसऱ्या मजल्यावर थांबून मी म्हणालो की नाद लागला होता, ते खरं आहे. फक्त त्यानं बिघडलो नाही. ती कठड्याला टेकून विचारात पडली. मग म्हणाली, "बिघडला नाही तर सोडला कशाला?" याचं उत्तर खाडीच्या बाजूला राहत होतं.

कारण गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग मी समितीला सांगितलाच नव्हता. निकालानंतर आठ दिवसांनी जानूदादा आमच्या घरी आला होता. आत आला नाही. ओटीखाली उभा राहिला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन, आणि माझ्या बापाला म्हणाला, आत्मारामदादा, तुज्या पोराचा वाटोला मी केला. मी दाराआड उभा होतो. एक वाक्य, मी तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. त्यानंतर जानूदादानं शाळेतलं एकही पोर पार्टीत घेतलं नाही. कोणी आलं तर म्हणायचा, आधी दहावीची मार्कशीट दाखव, मग बटनाला हात लाव. दुसऱ्या पार्ट्यांत बारा-बारा वर्षांची पोरं धडाधड वाजवत होती, लोकांना तीच आवडत होती. जानूदादाच्या पार्टीला गावात पेन्शनर बँजो म्हणायला लागले. मग तेही कोणी म्हणेना. मी लग्नकार्याला गेलो की त्याला लांबूनच हात करायचो आणि जेवायच्या दुसऱ्या रांगेत बसायचो.

घरी निशिगंधाला सांगितलं. ती आमटी ढवळत होती, ढवळायची थांबली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली की म्हणजे मी एका सुधारलेल्या माणसाशी लग्न केलं असं वीस वर्षं समजत होते, तर तू पहिल्यापासून असाच आहेस. मी म्हणालो, हो. ती म्हणाली, मग जा आणि त्या माणसाला सांगून ये, जेवण नंतर. मी माळ्यावरून बँजो काढला. जाळं नव्यानं गुंडाळलेलं होतं, गाठी माझ्या बापाच्या नव्हत्या.

स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला, मग रिक्षानं, मग चालत. मिठागरांकडून येणारा खारट वारा तोंडाला लागला की माझी चाल अजून बदलते, पावलं पोराची होतात. संचिता जाळ्यातला बँजो छातीशी धरून माझ्या दोन पावलं पुढं. जानूदादा दारात बसला होता, गुडघ्यावर टॉवेल, डोळ्यांत मोतीबिंदूचं दूध. ऐंशीच्या आसपास असेल. मला आवाजावरून ओळखलं. आत्मारामचा काशी ना, ये. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली, बसलो तर जमलं नसतं. फळा, दोन ओळी, कंपास. तो ऐकत होता, तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली आणि तिथंच राहिली. माझं संपलं. शेजारच्या घरात कोणीतरी मासे कापत होतं, सुरीचा आवाज येत होता. मला वाटलं तो शिव्या देईल. मी त्या घ्यायला तयार होतो, सदतीस गाण्यांच्या शिव्या एकदम.

"मंजे माज्यापायी न्हाय?" तो म्हणाला.

"नाही, दादा."

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. मग परत पुसलं. मग नुसताच टॉवेल तोंडावर धरून बसला. संचितानं माझ्याकडे बघितलं नाही, माझं बोट धरलं, ते मधलं, वाकलेलं. टॉवेल खाली आला तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखू येईना. एकदम हलका झाला होता, भांडं घासून उपडं ठेवतात तसा. म्हणाला, "आनि कंपास घेऊन बसलास?" मी हो म्हणालो. "आनि गोल काढलास?" मी हो म्हणालो. तो हसला नाही. मान हलवत राहिला, जसं काही छत्तीस वर्षं एका चुकीच्या तालावर हलत होती आणि आता बरोबर लागली होती.

मग त्यानं हात पुढं केले. संचितानं बँजो त्याच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः गाठी सोडल्या. त्यानं डोळ्यांनी बघितलंच नाही, बोटं बटणांवरून चालवली, एक, दोन, आणि तिसऱ्यावर थांबली. टक. "ह्यो अजून तसाच," तो म्हणाला. मी म्हणालो, दुरुस्त करून घेऊ, स्टेशनजवळ एक जण आहे. तर दोघं एकदम बोलले, तो न्हाय म्हणाला आणि ती नाही म्हणाली. मला त्यांच्यात बोलायचं कारण नव्हतं. संचिता ओटीवर त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती आणि तिची बोटं आधीच हवेत बटणं दाबत होती. तिला आठ मात्रा भरायच्या होत्या. आणि एक पहिली ओळ नवी करायची होती.

"कितवीला?" त्यानं विचारलं.

"दहावी."

त्याचा हात बटणांवरून उचलला गेला. सुरीचा आवाज थांबला होता. त्यानं ते दुधाळ डोळे वर करून, तिच्याकडे नाही, मी जिथं उभा होतो तिकडे बघितलं. छत्तीस वर्षांचा नेम आहे माणसाचा, मार्कशीट नाही तर बटण नाही, आणि तो मीच त्याच्या गळ्यात घातलाय.

"परीक्षेचा येळापत्रक हाय का तुज्याकडं?" तो तिला म्हणाला. ती म्हणाली, मोबाईलमध्ये आहे. "बापाला दे. ह्याला वाचून दाखवू दे मला. मोठ्यानं."

मी मोबाईल घेतला. वारा खाडीवरून सरळ तोंडावर येत होता. मी तारखेनिशी, वारानिशी, वेळेनिशी वाचलं. बीजगणित कधी, भूमिती कधी. त्यानं बोटांवर मोजलं.

"परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचलं. मग त्यानं बँजो तिच्याकडे सरकवला.